धागा: उंबऱ्याआतली मर्यादा – ज्यू घरांत ‘त्स्निउत’ कशासाठी जपतात?

किनारपट्टी (धागाकर्ती)

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे, तो इथे मांडते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळ पेणच्या बाजूचे, आता ठाण्यात. माझी भाची नोकरीसाठी इस्राएलला गेली, तिथेच तिचं लग्न झालं आणि लग्नानंतर तिने केस झाकायला सुरुवात केली. एकही बट दिसणार नाही असा रुमाल बांधते, बाही कोपराखाली, झगा गुडघ्याखाली. माझी आई म्हणते, ‘आम्हीही पदर घ्यायचो, पण सिनेगॉगमध्ये आणि वडीलधाऱ्यांपुढे. दिवसभर हे कशाला?’ धाकटा भाऊ तर याला सरळ मागासलेपणा म्हणतो. भाची म्हणते, तुम्ही सगळे फक्त माझ्या डोक्याकडे बघताय.

मला तिचं म्हणणं पटतं. त्स्निउत, म्हणजे आमच्या धर्मातली मर्यादाशीलता, याबद्दल बोलायला बसलं की सगळी चर्चा कपड्याच्या लांबीवर जाते. पण मिश्ना (जुना नियमसंग्रह) आणि तल्मूद (त्यावरची चर्चा) उघडलं तर तिथे घराची दारं-खिडक्याही तितक्याच भेटतात. मिश्ना इ. स. २०० च्या सुमारास संकलित झाली. तिच्यातल्या ‘बाबा बात्रा’ या भागात नियम आहे: सामाईक अंगणात राहणाऱ्याने शेजाऱ्याच्या दारासमोर आपलं दार पाडू नये, त्याच्या खिडकीसमोर आपली खिडकी काढू नये. दुसऱ्याच्या खाजगी जगण्यावर नजर पडणं हीच नुकसानी धरली आहे. अंगणाचे भागीदार वाटणीला तयार असतील तर मधे चार हात उंच भिंत घालावी, आणि खर्च दोघांनी उचलावा, इतका तपशील दिला आहे.

तोरा, म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, वाचणाऱ्यांना बलाम या परक्या भविष्यवेत्त्याची गोष्ट माहीत असेल. इस्राएल लोकांना शाप द्यायला आला आणि तंबू पाहून तोंडातून आशीर्वाद निघाला: ‘याकोबा, तुझे तंबू किती सुंदर!’ सिनेगॉगमध्ये शिरताना आजही हीच ओळ म्हणतात. तल्मूद विचारतं, त्याने पाहिलं तरी काय? उत्तर: कुणाच्याही तंबूचं दार दुसऱ्याच्या दाराकडे तोंड करून नव्हतं.

रब्बी (धर्मगुरू) अकीवांनी मुलाला केलेल्या उपदेशात एक वाक्य आहे: स्वतःच्या घरातसुद्धा एकदम शिरू नकोस, मग दुसऱ्याच्या घराचं तर नावच नको. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात माइन्झच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने ओळखला जाणारा बहिष्काराचा दंडक आला: दुसऱ्याचं पत्र त्याच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आज हा दंडक नवरा-बायकोच्या आणि वयात आलेल्या मुलांच्या फोनला लावून पाहावा असं मला फार वाटतं.

आणि राहेल. पूर्वज याकोबाचं लग्न तिच्याशी ठरलं होतं. त्याने आणि तिने आपसात खुणा ठरवून ठेवल्या होत्या, कारण तिचा बाप लबाडी करणार हे दोघांनाही ठाऊक होतं. लग्नाच्या रात्री बापाने थोरल्या मुलीला, लेआला, पुढे केलं, तेव्हा राहेलने त्या खुणा बहिणीला सांगून टाकल्या, तिची चारचौघांत लाज जाऊ नये म्हणून. तल्मूद याला राहेलची त्स्निउत म्हणतं. हिच्यात कपड्याचा काही संबंध नाही. तिने स्वतःचं हक्काचं सुख गिळलं आणि त्याबद्दल तोंड उघडलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: आमच्या घरांतली मर्यादा मुळात दुसऱ्याची अब्रू राखण्यासाठी आहे. कपडा हा तिचा एक भाग, आणि तो एकटाच उरला तर काहीतरी बिनसलं आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यू नसलेल्यांनीही जरूर लिहा.

---

कोकणी_माणूस

ताई, छान धागा. खिडकीसमोर खिडकी नको हा नियम वाचून थांबलो. आमच्या गावात आजोबा माजघरात पाऊल टाकण्याआधी ओटीवरूनच खाकरायचे. आतल्या बायका सावरून बसायच्या, कुणी जेवत असेल, कुणी पोराला पाजत असेल. त्यांना हे कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही, ती घराची रीतच होती.

प्रश्न एकच: तुमच्यात हे बायकांनाच आहे की पुरुषांनाही?

---

किनारपट्टी

खाकरण्याचं तुम्ही लिहिलंत आणि मला रब्बी योहानान आठवले. रब्बी हनीनांकडे भेटीला जाताना ते दारातच खाकरायचे अशी नोंद मिद्राशमध्ये, म्हणजे आमच्या जुन्या शास्त्रकथांच्या संग्रहात, आहे. पुरुषांबद्दल अश्दोदच्या काकांनी लिहावं, त्यांचा अभ्यास आहे.

---

अश्दोदवासी

आठवण काढलीस म्हणून लिहितो. पुरुषांना आहे आणि भरपूर आहे, पण पुरुष ते सोयीने विसरतात.

योसेफ कारो यांनी सफेद गावी राहून ‘शुल्हान आरुख’ हा आचारसंहितेचा ग्रंथ रचला, तो १५६५ मध्ये व्हेनिसला छापला. आजही बहुतेक धार्मिक ज्यू घरांचा दिनक्रम त्यावर चालतो. त्याच्या अगदी सुरुवातीलाच, सकाळी उठल्यावर अंगरखा कसा घालावा हे आहे. अंथरुणात असतानाच पांघरुणाखाली हात घालून घालावा, म्हणजे उठताना अंग झाकलेलं असेल. पुढे म्हणतो: मी आतल्या खोलीत आहे, मला कोण बघतंय, असं म्हणू नये. हे पुरुषाला सांगितलं आहे, आणि खोलीत दुसरं कुणी नसताना. म्हणजे मर्यादा परक्या नजरेसाठी आहे एवढं म्हणून भागत नाही. माणूस एकटा असतानाही तो परमेश्वरापुढे उभा आहे.

मीखा संदेष्ट्याचं वचन तर आमच्या पोरांना पाठ असतं: न्यायाने वाग, दया आवडीने कर आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. त्स्निउत या शब्दाचं मूळ तिथे आहे. तो उपदेश ‘हे मनुष्या’ अशी हाक मारून केला आहे, ‘हे बाई’ अशी नव्हे.

किनारपट्टी, तुझ्या भावाला एवढंच विचार, आपल्या आज्या नऊवारीचा पदर डोक्यावरून घ्यायच्या तेव्हा त्याला कधी मागासलेपण दिसलं का? आणि तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. पदर सोयीने सरकवता येतो, रुमाल येत नाही, त्यांच्या मनातला सल तो आहे असं मला वाटतं.

---

प्रश्नचिन्ह

सगळ्यांची माफी मागून थोडं कडू लिहिते, कारण इतकं गोड चित्र मला पुरं वाटत नाही.

तत्त्व पुरुषांनाही आहे, मान्य. मग रस्त्यावर हिशेब कुणाकडून मागितला जातो? २०११ च्या अखेरीला इस्राएलमधल्या बेत शेमेशमध्ये शाळेत जाणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीवर काही अतिकडव्या पुरुषांची थुंकण्यापर्यंत मजल गेली. ती स्वतः धार्मिक घरातली, लांब बाह्या घातलेली. त्याच शहरात बायकांनी कसे कपडे घालावेत, कुठल्या पदपथावरून चालू नये, असे फलक लागले. बसमध्ये बायकांना मागे बसवायची प्रथा इतकी वाढली की त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाला ही सक्ती बेकायदा ठरवावी लागली. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका हसिदी (अतिधार्मिक ज्यू पंथाच्या) वृत्तपत्राने २०११ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनाच छायाचित्रातून पुसून टाकलं. २०१५ मध्ये पॅरिसच्या मोर्चातून अँगेला मर्केल यांना इस्राएलमधल्या एका वृत्तपत्राने गायब केलं.

किमहितची गोष्टही तल्मूदातलीच ना? तिचे सात मुलगे महायाजक, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातले प्रमुख पुजारी, झाले आणि पुण्याई कोणती विचारल्यावर ती म्हणाली, माझ्या वेण्या माझ्या घराच्या आढ्यालासुद्धा दिसल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मुलींना हीच बाई आदर्श म्हणून सांगितली. मग भाचीवर दडपण नाही असं कसं म्हणायचं?

---

किनारपट्टी

माफी कशाला, हे यायलाच हवं होतं. तुम्ही लिहिलेल्या घटना घडल्या आहेत आणि त्यांचं समर्थन मी करणार नाही.

पण किमहितची गोष्ट सांगणारे तिची शेवटची ओळ गाळतात. तिचं उत्तर ऐकून ऋषी म्हणाले: असं पुष्कळजणींनी केलं, त्यांना काही लाभलं नाही. तल्मूदाने तिचा मान ठेवला, पण तिच्या सवयीला सूत्र होऊ दिलं नाही. मुलींना ही ओळसुद्धा सांगायला हवी.

आणि बेत शेमेश. तल्मूदात म्हटलं आहे की जो चारचौघांत दुसऱ्याचा चेहरा पांढरा पाडतो, म्हणजे त्याला लाजेने पांढराफटक करतो, त्याने जणू रक्तच सांडलं. लहान पोरीवर थुंकणाऱ्याने मर्यादा ‘जास्त’ पाळली असं म्हणणं मला मान्यच नाही. त्याने ती मोडली, आणि रस्त्यात मोडली. त्या वेळी हजारो लोक निषेधाला जमले, त्यात टोपीवाले आणि रुमालवाल्याही होत्या.

चेहरे पुसण्याबद्दल: आमच्या कोकणातल्या घरांत भिंतीवर आजीचा फोटो आजोबांच्या बरोबरीने असतो. बाईचा चेहराच लपवायचा हे आमच्या परंपरेत मी कुठे पाहिलेलं नाही.

---

प्रश्नचिन्ह

उत्तर आवडलं. तरी दडपणाचा प्रश्न राहतोच. भाचीला ‘नको’ म्हणायची मोकळीक आहे का?

---

बेर्शेबा_माहेर_ठाणे

मी लिहू का? मी त्या भाचीच्याच वाटेवरची आहे, थोडी पुढे गेलेली. लग्नानंतर वर्षभर मी केस झाकले नाहीत. नंतर झाकायला लागले. मधे काही दिवस सोडलं, पुन्हा धरलं. नवऱ्याने एकदाही विषय काढला नाही. सासूबाई टोपीसारखी पट्टी लावतात, निम्मे केस बाहेर. जाऊ काहीच लावत नाही. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, आम्ही एकाच टेबलावर जेवतो. प्रत्येक घरात असं असतंच असं नाही. अतिकडव्या वस्त्यांत मुलगी मोकळ्या डोक्याने फिरू लागली तर तिचं आणि तिच्या भावंडांचं लग्न जमणं अवघड होतं. तिथे दडपण आहे, तुमचं बरोबर आहे.

मला त्यात काय मिळालं सांगते. ऑफिसात, रस्त्यात, सगळीकडे मी तीच असते. घरी दार लावलं, रुमाल काढला की एक गोष्ट फक्त घराची राहते. माझ्यासाठी ती मोठी आहे. दुसरीला तशी वाटलीच पाहिजे असं मी म्हणणार नाही.

---

जुनी_पेठ

अवांतर होत असेल तर क्षमस्व. ज्यू बायका विग घालतात आणि तिरुपतीच्या केसांवरून मोठा गोंधळ झाला होता, त्याबद्दल कुणाला माहिती आहे का? आमच्या घरी सगळे तिरुपतीला जातात, म्हणून विचारतोय.

---

अश्दोदवासी

२००४ सालची गोष्ट. विगला शायटल म्हणतात. लग्न झालेल्या अनेक अश्केनाझी (युरोपीय मूळच्या ज्यू) बायका रुमालाऐवजी तो घालतात. चांगले विग खऱ्या केसांचे असतात आणि त्यांतला मोठा माल भारतातून जात होता. तिरुपतीला भाविक मुंडण करतात, देवस्थान ते केस लिलावात विकतं. प्रश्न असा निघाला की हे केस मूर्तीला केलेलं अर्पण धरायचं का? तसं असेल तर ज्यू धर्मशास्त्रात त्याचा कुठलाही उपयोग निषिद्ध ठरतो. यरुशलेमचे रब्बी योसेफ शालोम एल्याशिव यांनी मे २००४ मध्ये असे विग वापरू नयेत असा निर्णय दिला. इस्राएलमधल्या ब्ने ब्राकमध्ये आणि ब्रुकलिनमध्ये लोकांनी महागडे विग रस्त्यात आणून जाळले. काहींना कृत्रिम धाग्याचे विग घ्यावे लागले, काही रुमालाकडे वळल्या.

मला त्या जाळपोळीचं वाईट वाटलं होतं. ज्या बाईने नवस फेडायला केस दिले तिची श्रद्धा साधी असते. आपल्याला वापरायचे नाहीत तर वापरू नयेत, त्यासाठी रस्त्यात होळी कशाला?

विग चालतो की नाही यावरही रब्बींचं एकमत नाही. रब्बी ओव्हादिया योसेफ विगच्या ठाम विरोधात होते, रुमालच हवा म्हणायचे. लुबाविच या हसिदी पंथाचे प्रमुख रब्बी उलट विगचाच आग्रह धरायचे, कारण रुमाल सहज मागे सरकतो आणि विग जागचा हलत नाही. दोघेही मोठे.

---

मेधा_आ

मला कपड्यांपेक्षा नवरा-बायकोमधल्या मर्यादेबद्दल जाणून घ्यायचंय. पाळीच्या दिवसांत वेगळं राहायचं असतं म्हणे. माझ्या आजीला ‘बाहेर बसावं’ लागायचं, स्वयंपाकघराला शिवायचं नाही, कोपऱ्यात गोणपाटावर झोपायचं. त्यातून येणारा अपमान मी तिच्या तोंडून ऐकलाय. हे तसंच आहे का?

---

बेर्शेबा_माहेर_ठाणे

मेधाताई, नाही, तसं नाही. बाई स्वयंपाक करते, मुलांना घेते, सगळ्यांसोबत जेवते, सिनेगॉगला जाते. अंतर असतं ते फक्त नवरा-बायकोत. पाळी संपल्यावर सात स्वच्छ दिवस मोजायचे आणि मग रात्री मिकवेमध्ये, म्हणजे स्नानाच्या कुंडात, पूर्ण बुडी मारायची. कुंडात पावसाचं किंवा झऱ्याचं निसर्गतः साठलेलं पाणी लागतं. समुद्रही चालतो.

यातली मर्यादा मला फार मोलाची वाटते. मिकवेला अंधार पडल्यावर जातात. कोण कधी गेलं हे कुणी कुणाला विचारत नाही, वाटेत मैत्रीण भेटली तरी दोघी पाहिलंच नाही असं वागतात. आईची रात्र कोणती हे घरातल्या मुलांना कळत नाही. एरवीही नवरा-बायको परक्यांसमोर एकमेकांना मिठी मारत नाहीत. ज्या दिवशी दूर आहेत आणि ज्या दिवशी जवळ आहेत, दोन्ही दिवशी बाहेरून सारखेच दिसावेत, म्हणजे कुणाला हिशेब लावता येऊ नये.

तुमच्या आजीच्या वेळी सगळ्या वाड्याला कळायचं ना आज कोण बसलंय ते? इथे कुणालाच कळू द्यायचं नाही.

---

मेधा_आ

हे शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजीला सगळ्यात जास्त तेच लागायचं, की सासऱ्यांपासून गड्यापर्यंत सगळ्यांना कळायचं.

तरी स्पष्ट लिहिते, सात दिवस मोजणं, तपासणं हे मला जड वाटलं असतं.

---

बेर्शेबा_माहेर_ठाणे

जड आहेच. नाही म्हणणार नाही.

---

तांबडं_फुटलं

मी नगरचा, ज्यू नाही. धागा वाचताना एक प्रश्न पडला. अब्रू राखणं हेच मूळ असेल तर पैशाचं काय? आमच्याकडे लग्नात कर्ज काढून मांडव घालतात, ड्रोनने शूटिंग, पाच प्रकारच्या मिठाया, आणि शेजारच्या घरातला बाप रात्रभर जागा असतो की आता माझ्या पोरीचं कसं होणार. झाकायची तर खरी गोष्ट ती आहे. तुमच्यात याबद्दल काही सांगितलंय का?

---

किनारपट्टी

तुम्ही मला ज्यावर सगळ्यात जास्त लिहायचं होतं त्यावरच आणलंत.

मिश्नामध्ये ‘तानित’ नावाचा भाग आहे. त्यात म्हटलंय की हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याची पंधरावी तारीख आणि योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) यांच्यासारखे आनंदाचे दिवस इस्राएलला नव्हते. त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जायच्या, आणि ते कपडे उसने घेतलेले असायचे. सगळ्यांचे! जिच्याकडे नाही तिला लाज वाटू नये म्हणून जिच्याकडे आहे तिनेही दुसरीकडूनच घ्यायचे. तल्मूद पुढे साखळी देतं: राजाची मुलगी महायाजकाच्या मुलीकडून घेई, महायाजकाची मुलगी त्याच्या उपमहायाजकाच्या मुलीकडून, असं खालपर्यंत. कोणाच्या अंगावर कोणाचा कपडा आहे ते बघणाऱ्याला कळणारच नाही. लग्नाळू मुलींनी मुलांसमोर जायचा दिवस, आणि नेमका त्याच दिवशी श्रीमंती झाकलेली. कपड्यातली मर्यादा म्हणतात ती मला इथे दिसते. इंच मोजण्यात दिसत नाही.

मरणातही तसंच. एके काळी प्रेताला इतके भारी कपडे घालत की नातेवाइकांना मरणापेक्षा खर्च जड व्हायचा, काहीजण प्रेत टाकून पळून जात. रब्बान गम्लिएल स्वतः मोठे, श्रीमंत घराण्यातले. त्यांनी सांगून ठेवलं की मला साध्या लिननच्या वस्त्रात न्या. तेव्हापासून सगळ्यांना साधं पांढरं कफन. शोक करणाऱ्या घरी जेवण पाठवायचं तर श्रीमंत चांदीच्या परडीत पाठवत आणि गरीब वेताच्या. गरीब लाजले, म्हणून नियम झाला: सगळ्यांनी वेताच्याच परडीत पाठवायचं. श्रीमंताने खाली यायचं, गरिबाला वर ओढत बसायचं नाही.

आणि यरुशलेमच्या मंदिरातलं ‘गुप्त दालन’. पापभीरू माणसं तिथे गुपचूप पैसे ठेवत आणि चांगल्या घरातली पण हलाखीत आलेली माणसं गुपचूप घेऊन जात. मार उक्वा नावाचे ऋषी रोज एका गरिबाच्या दाराच्या फटीत चार नाणी टाकत. एक दिवस त्या माणसाने ठरवलं, बघूया कोण ते. दार हललं तसे मार उक्वा आणि त्यांची बायको पळाले आणि नुकत्याच विझवलेल्या भट्टीत लपून बसले. पाय भाजले, पण घेणाऱ्याला देणाऱ्याचा चेहरा दिसू दिला नाही. पुढे बाराव्या शतकातले धर्मपंडित मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांत दोघांना एकमेकांची ओळख नसलेलं दान वरून दुसरं. सगळ्यात वर काय? माणसाला काम, भागीदारी किंवा कर्ज देऊन पायावर उभं करणं, म्हणजे त्याला मागायची वेळच येऊ नये.

आमच्या कोकणात योम किप्पूरला ‘दारफळणीचा सण’ म्हणायचे. पांढरे कपडे, उपास, दारं लावून घरातच राहायचं, बाहेरच्यांशी संबंध नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दानधर्म. ज्या काळात आमच्याकडे हिब्रू ग्रंथ फारसे नव्हते त्या काळातही दार लावणं आणि दान देणं आम्ही विसरलो नव्हतो.

लग्नखर्चाबद्दल: २००२ मध्ये अमेरिकेतल्या काही ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरा काटेकोर पाळणाऱ्या, रब्बींनी एकत्र येऊन लग्नातल्या पाहुण्यांवर, वाद्यांवर, फुलांवर मर्यादा घालणारी नियमावली काढली होती. ती सगळीकडे पाळली जात नाही. ठाण्या-मुंबईत आम्हीही मेंदीच्या कार्यक्रमावर हल्ली जो खर्च करतो तो बघून मला वाईट वाटतं, आणि समाजाच्या बैठकीत मी हे बोलते.

---

कोकणी_माणूस

उसने कपडे! हे कुणी मला आधी का सांगितलं नाही. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आमच्या हळदीकुंकवाला हा नियम लावा.

---

प्रश्नचिन्ह

उसन्या कपड्यांचा नियम मला विरोध न करता मान्य आहे. असंच सगळं असतं तर मी वाद घातला नसता.

एक शेवटचं. मर्यादा म्हणजे बाईने घरात राहणं असाही अर्थ लावतात. स्तोत्रसंहितेतली ‘राजकन्येचं वैभव आत असतं’ ही ओळ त्यासाठी कायम पुढे करतात. याचं काय?

---

किनारपट्टी

ती ओळ राजाच्या लग्नगीतातली आहे. बाईला कोंडायला ती वापरणं मला पटत नाही, आणि आमच्या समाजाचा इतिहासही वेगळं सांगतो. डॉ. जेरुशा झिराड बेने इस्राएल. लंडनला शिकून आल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. कामा हे बायकांचं हॉस्पिटल. त्या काळी कितीतरी बायका पुरुष डॉक्टरपुढे अंग उघडं करण्यापेक्षा मरण पत्करत. लाज सोडा असं त्या बायकांना सांगत बसण्यात जीव गेले असते. बाई डॉक्टर समोर आली, त्यांची मर्यादाही राहिली आणि जीवही वाचला. मुंबईत १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी ज्यू संस्था उभी राहिली, तिच्यातही डॉ. झिराड अग्रभागी होत्या.

पोलंडच्या क्राकूवमध्ये सारा शेनिरर शिवणकाम करायच्या. गिऱ्हाईक बायका अंगावरचा कपडा नीट बसावा म्हणून किती जपतात आणि आतल्या माणसाला मात्र काही घालत नाहीत, हे त्यांना खटकायचं. १९१७ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, तीच पुढे ‘बेस याकोव’ शाळांची चळवळ झाली. आज अत्यंत मर्यादाशील मानल्या जाणाऱ्या घरांतल्या लाखो मुली शिकतात त्या शाळा एका बाईने घराबाहेर पडून काढल्या आहेत.

---

अश्दोदवासी

किनारपट्टीने उत्तर दिलंच आहे. मी एक भर घालतो. दहा आज्ञांच्या पहिल्या पाट्या गडगडाट, विजा आणि साऱ्या लोकांसमोर दिल्या, त्या फुटल्या. दुसऱ्या वेळी मोशेला एकट्याला डोंगरावर बोलावलं, त्या टिकल्या. राशी या अकराव्या शतकातल्या भाष्यकाराने तिथे लिहून ठेवलंय, मर्यादेपेक्षा सुंदर काही नाही. मुलांचा वाढदिवस, नवं घर, पहिला पगार, सगळं त्याच क्षणी जगापुढे टाकण्याची जी सवय लागली आहे, तिच्याबद्दल मी नातवंडांशी बोलताना हेच सांगतो. ऐकतात की नाही ते त्यांचं.

---

हडसनकाठ

उशिरा आलो, पण अगदी वेळेवर धागा सापडला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, शेजारी ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंब. येत्या शुक्रवारी रात्री शब्बाथच्या जेवणाला बोलावलंय, मी, बायको आणि शाळकरी मुलगी. त्यांचा मान राहावा, आमच्याकडून काही चुकू नये. काय घालावं, काय न्यावं?

---

बेर्शेबा_माहेर_ठाणे

अगदी मोकळ्या मनाने जा, बोलावलंय म्हणजे त्यांना तुम्ही हवे आहात. वहिनींना पंजाबी ड्रेस उत्तम, बाही कोपरापर्यंत असली की झालं. साडी नेसणार असाल तर पोट-पाठ झाकेल असा पदर खांद्यावरून घ्या. केस झाकायची गरज नाही, ते त्यांच्यातल्या लग्न झालेल्या बायकांसाठी. मुलीला गुडघ्याखालचा फ्रॉक. तुम्हाला टोपी दिली तर घाला.

हात पुढे करू नका. त्यांच्यात परके पुरुष-बाई एकमेकांना स्पर्श करत नाहीत, आणि तुमचा हात हवेत राहिला तर त्यांनाच ओशाळल्यासारखं होईल. सरळ नमस्कार करा, हात जोडले की प्रश्न मिटतो.

---

अश्दोदवासी

घरी केलेलं काही नेऊ नका, कोशरच्या, म्हणजे आमच्या खाण्यापिण्याच्या, नियमांमुळे त्यांना खाता येणार नाही आणि नाही म्हणताना संकोच होईल. कोशर शिक्का असलेली बंद बाटली किंवा बंद डब्यातली मिठाई, आणि तीही सूर्यास्ताआधी पोचती करा. शब्बाथला विजेची उपकरणं चालू-बंद करत नाहीत, म्हणून बेल वाजवू नका, दारावर टकटक करा. फोन घरी ठेवून जा. फोटो काढायचेच नाहीत. नवरा बायकोला उद्देशून एक लांब गीत म्हणेल, ‘सद्गुणी स्त्री कोणाला सापडेल’ असं, तेव्हा घरचे उभे राहिले तर तुम्हीही उभे राहा. हात धुतल्यावर भाकरीचा पहिला घास खाईपर्यंत कुणी बोलत नाही, घाबरू नका, रागावलेले नसतात.

आणि त्यांच्या न्हाणीघरातला दिवा सवयीने बंद करू नका, रात्रभर तो तसाच ठेवायचा असतो. मुलीलाही आधीच सांगून ठेवा.